आठाचा आग्रह

28 मार्च 1902. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात तुम्ही एका तरुण अध्यापकाच्या खुर्चीमागे उभे आहात. नाव गिल्बर्ट न्यूटन लुईस, वय सव्वीस. नवख्या मुलांना रसायनशास्त्राची तोंडओळख करून देण्याचे काम त्याच्याकडे आहे. तुम्ही त्याला दिसत नाही आणि तुमचा आवाजही त्याच्यापर्यंत पोचत नाही. अशा सफरीत एवढे पथ्य पाळावेच लागते. दहावीपर्यंतचे रसायनशास्त्र मात्र डोक्यात असू द्या, नाहीतर पुढची गंमत हुकेल.

लुईस कागदावर घन काढतो आहे. घनाला कोपरे आठ. सोडियमच्या घनाच्या एका कोपऱ्यावर तो छोटेसे वर्तुळ काढतो. मॅग्नेशियमच्या घनाला दोन वर्तुळे, ॲल्युमिनियमला तीन, असे करत क्लोरीनला सात. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक इलेक्ट्रॉन. आठही कोपरे भरले की तो घन पुरा झाला. पुढच्या मूलद्रव्याचा इलेक्ट्रॉन बाहेर नवा घन सुरू करतो. आवर्तसारणीची एक आडवी ओळ अशी एका घनात बसते. सोडियम आपला एकुलता इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या रिकाम्या कोपऱ्यात टाकतो, दोघांचे भागते, मीठ तयार. मुलांना समजावायला झकास.

तुम्हाला राहवत नाही. इलेक्ट्रॉन असे कोपऱ्यांवर बसून राहत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. पण लुईसच्या हातात काय आहे ते बघा. इलेक्ट्रॉन सापडून जेमतेम पाच वर्षे झाली आहेत. अणूला केंद्रक असते हे कळायला अजून नऊ वर्षे आहेत. सोडियमच्या अणूत एकंदर किती इलेक्ट्रॉन असतात, हे त्या दिवशी जगात कोणालाच ठाऊक नाही. आणि तरीही शेवटच्या कवचातली मोजणी त्याने बरोबर काढली आहे. चित्र चूक, आकडे बरोबर. विज्ञानात असे वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

एक गोष्ट मात्र त्याला सुटत नाही. मिथेन. कार्बनचे चार कोपरे भरलेले, चार रिकामे, हायड्रोजनचा एक. इथे कोणी कोणाला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो असे म्हणावे, तर मिथेन मिठासारखा वागायला हवा. पाण्यात विरघळावा, त्याचे आयन व्हावेत. तो तसले काहीच करत नाही. लुईस कागदावर तारीख घालतो आणि तो ठेवून देतो. छापत नाही.

आता चौदा वर्षे झपाट्याने ओलांडू. लुईस मध्येच फिलिपिन्समध्ये मनिलाला जाऊन वजनेमापे खात्याचा अधिकारी होतो आणि तिथल्या चिरुटांची सवय जडवून परततो. 1911मध्ये मँचेस्टरला रदरफोर्ड केंद्रकाचे अस्तित्व जाहीर करतो. 1913मध्ये कोपनहेगनचा नील्स बोर इलेक्ट्रॉनांना ठरावीक ऊर्जेच्या कक्षांमध्ये बसवतो. त्याच सुमाराला हेन्री मोझली क्ष-किरणांनी मूलद्रव्यांचे खरे क्रमांक लावतो. सोडियम अकरा, क्लोरीन सतरा. आता वादच नाही. मोझली 10 ऑगस्ट 1915 रोजी गॅलिपोलीच्या रणात मारला गेला, वय सत्तावीस. या सफरीत तिथे थांबण्याची माझी तरी इच्छा नाही.

जानेवारी 1916, बर्कली. लुईस आता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रसायनशास्त्र महाविद्यालयाचा प्रमुख आहे. समोर त्याचा नवा लेख, ‘अणू आणि रेणू’ या विषयावरचा, आणि त्यात जुने घन परत आले आहेत. पण या वेळी एक बारीक बदल आहे आणि सगळा खेळ त्यात आहे. जरा पुढे वाका.

क्लोरीनसारख्या मूलद्रव्याच्या दोन अणूंचे घन एकमेकांना खेटून काढले आहेत, असे की दोघांची एक कड सामाईक व्हावी. त्या कडेच्या दोन टोकांना दोन इलेक्ट्रॉन. आता मोजा. डावीकडचा घन आठ, उजवीकडचाही आठ. एकूण इलेक्ट्रॉन मात्र चौदाच. मधले दोन दोन्हीकडे धरले गेले. कोणी कोणाला काही दिले नाही, दोघांनी मिळून ठेवले. मिथेनचे कोडे इथे सुटते. दुहेरी बंध हवा? घनांची एक पूर्ण बाजू चिकटवा, चार इलेक्ट्रॉन सामाईक झाले. आणि तिहेरी? लुईस इथे अडतो, कारण दोन घन तीन कडांनी चिकटवता येत नाहीत. ॲसिटिलीनमध्ये तर तिहेरी बंध आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मग तो स्वतःचाच घन मोडतो. आठ इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या करतो आणि त्या जोड्या चतुष्फलकाच्या चार टोकांना नेऊन ठेवतो. कार्बनचे चार हात चतुष्फलकाच्या टोकांकडे असतात, हे व्हँट हॉफने 1874मध्येच सांगितले होते. चतुष्फलकांचे एक टोक जुळले की एकेरी बंध, कड जुळली की दुहेरी, बाजू जुळली की तिहेरी. 

त्याच लेखात तुम्हाला ओळखीचे काहीतरी दिसेल. दोन एच आणि त्यांच्यामध्ये दोन ठिपके. नववी-दहावीत वही भरून काढलेल्या ठिपका-संरचना इथून निघाल्या.

तुमच्या मनात जो प्रश्न आला आहे, तो लुईसच्याही मनात आहे. दोन इलेक्ट्रॉन दोन्ही ऋणप्रभारित, ते एकमेकांना ढकलणार. मग ते जोडीने का राहतात? लुईसचे उत्तर धाडसी आहे: इतक्या जवळच्या अंतरावर कूलोमचा नियम लागू होत नसावा. हे चूक होते. पण दुसरे काही म्हणायला 1916मध्ये साधनच नव्हते, आणि जोडी तर रसायनशास्त्राच्या पानापानावर दिसत होती. त्याच वर्षी म्युनिकमध्ये वाल्थर कोसेल आयनिक संयुगांच्या बाजूने आठापर्यंत पोचला.

इथून पुढे आठाचे प्रस्थ वाढत जाते, आणि त्याला कारणीभूत एक वेगळाच माणूस आहे. 1919मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतला आयर्विंग लँगम्यूर या कल्पनेला हात घालतो. तो बोलण्यात तरबेज. ‘अष्टक’ आणि ‘सहसंयुज’ या अर्थाचे इंग्रजी शब्द त्यानेच रूढ केले. बघता बघता लोक ‘लुईस-लँगम्यूर सिद्धान्त’ म्हणू लागतात, कधी कधी नुसते ‘लँगम्यूर’. लुईसला हे रुचत नाही, आणि त्यात निव्वळ श्रेयाचा वाद नाही. 1923च्या आपल्या पुस्तकात लुईस सांगतो, की दोनाचा नियम, म्हणजे जोडीचा, आठाच्या नियमापेक्षा मूलभूत आहे. फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये मधल्या अणूभोवती दहा इलेक्ट्रॉन येतात, सल्फर हेक्झाफ्लुओराइडमध्ये बारा. त्याला ते चालत होते. पाठ्यपुस्तकांनी पुढे लँगम्यूरचे आठ उचलले आणि लुईसचे दोन मागे पडले. माझ्या मते शालेय रसायनशास्त्राचे हे मोठेच नुकसान झाले.

1919मध्येच जर्मनीत आणखी एक थांबा घ्यायला हवा. तिथे माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर मिठाचा जमाखर्च मांडत आहेत. आजच्या एककांत मांडू; सगळे आकडे एका मोलमागे किलोज्यूलमध्ये. सोडियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायचा तर 496 खर्च. तो क्लोरीनने घेतला की 349 जमा. थांबा, इथेच 147ची तूट आली! शाळेत सांगितलेले आठवते ना, की सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा ‘असतो’ आणि क्लोरीनला घ्यायचा ‘असतो’? सोडियमला काहीही द्यायचे नसते. त्याच्याकडून तो ऊर्जा मोजून काढून घ्यावा लागतो, आणि क्लोरीनला इलेक्ट्रॉन मिळून जे सुटते त्यात तो खर्च भागत नाही. शिवाय घन सोडियमची वाफ करायला 107 आणि क्लोरीनचा रेणू फोडून एक अणू मिळवायला 121. तूट वाढतच गेली. मग मीठ बनते कशामुळे? धन आणि ऋण आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा सुमारे 787 सुटतात. या एका जमेने सगळा खर्च भागून वर 410च्या आसपास शिल्लक उरते. अष्टक पूर्ण झाल्याचा आनंद म्हणून वहीत एकही रक्कम जमा झालेली नाही, हे लक्षात ठेवा. पुढे याच वहीवर एका माणसाचे नाव होणार आहे.

पण मग आठच का दिसतात? हे समजायला 1925चे हॅम्बुर्ग गाठावे लागेल. वोल्फगांग पाउली तिथे सांगतो, की अणूतल्या कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक, म्हणजे त्यांची अवस्था सांगणारे चार आकडे, सारखे असू शकत नाहीत. व्यवहारात याचा अर्थ असा की एका ऑर्बिटलमध्ये, म्हणजे कवचातल्या एका कप्प्यात, जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात, तेही उलट स्पिनचे. दुसऱ्या कवचात एस प्रकारचे एक ऑर्बिटल, पी प्रकारची तीन. चार दुणे आठ. संपले. आठ हा आकडा दोनातून आला. लुईसचा कल बरोबर होता.

तिसऱ्या कवचात मात्र डी प्रकारची पाच ऑर्बिटल्स आणखी असतात, म्हणजे क्षमता अठरा. मग पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसऱ्यात जागा असताना चौथ्या कवचात का जातो? दर वर्षी प्रत्येक वर्गात एखादी चुणचुणीत मुलगी हे विचारते आणि बहुतेक वेळा ‘तसा नियम आहे’ एवढ्यावर तिची बोळवण होते. खरे कारण असे. चौथ्या कवचातल्या एस इलेक्ट्रॉनाचा वावर अणूच्या अगदी आतपर्यंत, केंद्रकाजवळही असतो. आतल्या इलेक्ट्रॉनांच्या पडद्यामागे शिरून तो केंद्रकाचे आकर्षण जास्त अनुभवतो. तिसऱ्या कवचातला डी इलेक्ट्रॉन आत फारसा शिरत नाही. म्हणून पोटॅशियमच्या बाबतीत चौथे एस ऊर्जेने स्वस्त पडते. तिसरे कवच आठवर ‘पूर्ण’ झालेले नसते. पुढची पायरी महाग असल्याने भरती तिथे थबकते. आर्गॉनच्या स्वस्थपणाचे मूळ या किमतींच्या फरकात आहे.

1927, झुरिक. उकाड्याचा दिवस. वाल्टर हाइटलर हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ भर दिवसा झोपला आहे. तुम्ही शांतपणे वाट बघा. संध्याकाळच्या सुमाराला तो उठतो आणि त्याला हायड्रोजनच्या दोन अणूंची तरंगफलने एकमेकांत मिसळलेली, त्यांच्यामध्ये अधिक आणि उणे चिन्ह असलेली, स्पष्ट दिसतात. तो फ्रिट्झ लंडन या सहकाऱ्याला फोन करतो. रात्री उशिरापर्यंत दोघे गणित करत बसतात. लुईसच्या दोन ठिपक्यांना इथे पहिल्यांदा पाया मिळतो. दोन इलेक्ट्रॉन उलट स्पिनचे असतील तर त्यांची तरंगफलने अशी मिसळू शकतात, की दोन केंद्रकांच्या मधल्या जागेत इलेक्ट्रॉन असण्याची शक्यता वाढते आणि एकूण ऊर्जा घटते. स्पिन सारखे असले तर अणू एकमेकांना लांब लोटतात. बंध म्हणजे ही घटलेली ऊर्जा. त्यांचे उत्तर प्रत्यक्षातल्या साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्टऐवजी तीनच्या जवळपास आले, म्हणजे तंतोतंत नव्हते. पण कूलोमचा नियम मोडीत न काढता जोडी का जमते, हे कळले. डुलकीचे एवढे फळ क्वचितच कोणाला मिळाले असेल.

आता सफरीचा मुख्य टप्पा. त्याआधी 1933च्या कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात क्षणभर डोकावू. झेनॉनवर फ्लुओरीनची अभिक्रिया व्हायला हवी, असे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगचे भाकीत आहे. झेनॉन मोठा अणू. त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, म्हणजे तुलनेने सैल. डॉन योस्ट आणि अल्बर्ट काये त्या दोन वायूंच्या मिश्रणातून विद्युत विसर्ग सोडून बघतात. हाती काही लागत नाही, आणि ते तसे प्रामाणिकपणे छापतात. त्यानंतर जवळपास तीस वर्षे या वाटेला फारसे कोणी फिरकले नाही. राजवायू कशाशीही संयोग पावत नाहीत, त्यांचे अष्टक पूर्ण असते, हे वाक्य पिढ्यान् पिढ्या पाठ झाले. गंमत म्हणजे झेनॉन आणि फ्लुओरीन काचेच्या भांड्यात भरून उन्हात ठेवले तरी झेनॉन डायफ्लुओराइड बनते, हे पुढे 1960च्या दशकात कळले. कॅलिफोर्नियात आणखी काही असो नसो, ऊन भरपूर होते.

शुक्रवार, 23 मार्च 1962. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे व्हँकुव्हर, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ. संध्याकाळचे पावणेसात. प्रयोगशाळेत नील बार्टलेट एकटा आहे. वय एकोणतीस, मूळचा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा.

त्याची पार्श्वभूमी थोडी समजून घ्या. प्लॅटिनम आणि फ्लुओरीनची संयुगे हाताळताना त्याला एक लालसर घन पदार्थ मिळाला होता. तपासल्यावर कळले ते चक्रावणारे होते: प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडने ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढला होता. ऑक्सिजन, जो सगळ्या जगाचे ऑक्सिडीकरण करतो, त्याचेच ऑक्सिडीकरण. त्यानंतर 1962च्या सुरुवातीला वर्गातल्या तासाची तयारी करताना त्याची नजर पाठ्यपुस्तकातल्या एका आलेखावर गेली. अणुक्रमांक आडवा, आयनीभवन ऊर्जा उभी; राजवायूंची शिखरे वर, सोडियम-पोटॅशियमच्या दऱ्या खाली. तुमच्या अकरावीच्या पुस्तकातही तो आहे. बार्टलेटने तो कितीदा तरी पाहिला होता. या वेळी त्याने झेनॉनच्या शिखराची उंची वाचली. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला एका मोलमागे सुमारे 1175 किलोज्यूल लागतात. झेनॉनला सुमारे 1170. जो गडी ऑक्सिजनची किंमत मोजू शकतो, त्याला झेनॉन का परवडू नये? अष्टकाचा प्रश्न त्याने विचारलाच नाही; त्याने भाव विचारला.

आता काचेच्या उपकरणाजवळ या, फार जवळ नको. एका बाजूला प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडची वाफ, गडद लाल. हा पदार्थ इतका आक्रमक की ओलाव्याचा अंश असला तरी काचेलाही सोडत नाही. दुसऱ्या बाजूला झेनॉन. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, भांडे रिकामेच वाटते. दोघांमध्ये काचेचा एक बंद पडदा. बार्टलेट तो फोडतो.

लाल रंग विरतो आणि त्याच क्षणी काचेवर पिवळट नारिंगी घन पदार्थ बसू लागतो. तापवणे नाही, विद्युत विसर्ग नाही, साध्या खोलीच्या तापमानाला. राजवायूचे पहिले संयुग तयार व्हायला पडदा फुटण्याइतकाच वेळ लागला. बार्टलेट कोणाला तरी दाखवायला बाहेर धावतो, पण इमारतीत कोणीच नाही. सगळे जेवायला गेले आहेत. साक्षीदार एकटे तुम्ही, आणि तुम्हाला बोलायची सोय नाही.

योगायोग असा, की बरोबर सोळा वर्षांपूर्वी, 23 मार्च 1946 रोजी, लुईस बर्कलीतल्या आपल्या प्रयोगशाळेत काम करता करता वारला होता. त्याच्या नावाची नोबेलसाठी अनेकदा शिफारस झाली. पारितोषिक मिळाले नाही ते नाहीच. लँगम्यूरला 1932मध्ये मिळाले, पण पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी.

बार्टलेटचा त्रोटक लेख जूनमध्ये छापून येतो. पुढे लक्षात आले, की त्याचा पिवळट पदार्थ त्याने लिहिला तितका सरळ नव्हता, ते एक मिश्रण होते. बिघडले काहीच नाही. दार उघडले होते. काही महिन्यांत शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत झेनॉन आणि फ्लुओरीन निकेलच्या भांड्यात 400 अंश सेल्सिअसला तापवून झेनॉन टेट्राफ्लुओराइडचे रंगहीन स्फटिक मिळाले. कृती इतकी सोपी, की ती आधी कोणी का केली नाही याचीच अनेकांना लाज वाटली असावी. या रेणूत झेनॉनभोवती चार बंधांच्या चार जोड्या आणि दोन एकाकी जोड्या असतात. बारा इलेक्ट्रॉन.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. अष्टक जरूर शिकवा आणि आधीच शिकवा; कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन यांच्या बाबतीत ते क्वचितच दगा देते. पण त्याच आठवड्यात फळ्यावर झेनॉन टेट्राफ्लुओराइड काढा आणि मुलांना ठिपके मोजायला लावा. मिठाचा जमाखर्चही एकदा मांडून दाखवा. आणि उत्तरपत्रिकेत कोणी ‘अणूला अष्टक पूर्ण करायचे असते’ असे लिहिले, तर ‘किती किलोज्यूलला?’ असे समासात लिहून अर्धा गुण कापा.